जुने आऊटबोर्ड इंजिन आणि गाझियाबादची थंडी

जुने टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन थंडीच्या पहाटे सुरू होत नाही, तेव्हा पहिला संशय थंडीवर जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, आणि गाझियाबादमध्ये जानेवारीच्या धुक्यात पारा ४-५ अंशांपर्यंत, क्वचित त्याखाली उतरतो. शेजारच्या दिल्लीत सफदरजंग वेधशाळेने १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश तापमान नोंदवले. इतक्या थंडीतही धडधाकट इंजिन चोक दिल्यावर तीन-चार ओढींत पकडते. शिळे पेट्रोल, क्षीण ठिणगी, घसरलेले कॉम्प्रेशन यांतला एखादा दोष उन्हाळ्यात झाकलेला राहतो. ४ अंशांवर असे दोन दोष एकत्र आले की इंजिन अडते. उपाय शोधायचा तो या दोषांवर.

गाझियाबाद समुद्रापासून दूर असले तरी बोटींना अनोळखी नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, ८ वी बटालियन याच शहरात आहे. रबरी बोट आणि तिच्या मागच्या फळीवर अडकवलेले इंजिन, ज्याला बचावपथकांत सरसकट ‘ओबीएम’ म्हणतात, ही पुरातली मुख्य साधने. जुलै २०२३ मध्ये यमुनेने दिल्लीत २०८.६६ मीटरची पातळी गाठून १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला आणि त्याच महिन्यात हिंडन नदीचे पाणी गाझियाबाद-नोएडाच्या वस्त्यांत शिरले. पूर पावसाळ्यात येतो, पण बोटीची गरज पावसाळ्यापुरती नसते. मुरादनगरवरून जाणाऱ्या गंगेच्या कालव्यात बुडालेल्याचा शोध डिसेंबरातही घ्यावा लागतो. गढमुक्तेश्वर २०११ पर्यंत गाझियाबाद जिल्ह्यात होते, आता हापूड जिल्ह्यात आहे. तिथे कार्तिकी पौर्णिमेच्या स्नानाला मोठी गर्दी लोटते, तेव्हाही बोटी सज्ज लागतात. पावसाळ्यानंतर कोठीत ठेवलेल्या इंजिनाला अशा वेळी एकाएकी, तेही पहाटे, जागे व्हावे लागते.

मालवणच्या मच्छिमाराला हा प्रश्न सहसा पडत नाही. किनाऱ्यावर हिवाळा सौम्य असतो हे एक कारण, पण त्याहून मोठे कारण म्हणजे त्याचे इंजिन हंगामात जवळपास रोज चालते आणि टाकीतले पेट्रोल ताजे राहते. गाझियाबादची अडचण महाराष्ट्रात पाहायची तर नाशिकचे गंगापूर धरण, तापोळ्याजवळचा शिवसागर जलाशय, किंवा २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णा-पंचगंगेकाठी ठेवलेल्या बोटी पाहाव्यात. वर्षातले काही आठवडे काम आणि उरलेले महिने विश्रांती हे इंजिनाचे वेळापत्रक असेल, तर पुढचे सगळे तिथेही लागू पडते.

थंड इंजिनात काय घडते ते आधी पाहू. कार्ब्युरेटर हवेत पेट्रोलचे बारीक थेंब सोडतो, पण जळते ती वाफ. थेंब जळत नाहीत. गार धातूला लागून बरेचसे पेट्रोल द्रवरूपच राहते आणि प्लगपाशी पोचणारे मिश्रण पातळ पडते. चोक हवेची वाट अडवून जास्त पेट्रोल खेचतो, म्हणजे त्यातून निदान पुरेशी वाफ तरी होते. पेट्रोलमधले सर्वांत हलके घटक आधी वाफ होतात आणि थंडीत सुरुवात करून देतात ते हेच घटक. हवेचा स्क्रू उघडा राहिलेल्या टाकीत तीन-चार महिने पडलेल्या पेट्रोलमधून नेमके तेच उडून गेलेले असतात. अशा पेट्रोलवर तापलेले इंजिन चालते, थंड इंजिन उठत नाही. जून-जुलैमध्ये भरलेल्या टाकीवर जानेवारीत भरवसा ठेवणे ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सामान्य चूक आहे.

इथेनॉलमुळे ही चूक अधिक महाग पडते. भारतातल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, आणि निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या जेटमधून त्याचे मिश्रण थोडे पातळच जाते. थंड इंजिनाला या दोन्ही गोष्टी जाचतात. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. तापमान जितके कमी तितकी ही मर्यादा खाली येते, त्यामुळे संध्याकाळी एकजीव दिसणारे पेट्रोल पहाटे दोन थरांत फुटलेले असू शकते. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. त्या थरात टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसते, म्हणून त्यावर इंजिन चुकून चालले तर अडण्यापेक्षा वाईट गोष्ट घडते: पिस्टन कोरडा घासतो. संशय असल्यास टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन, झाकण लावून, रात्रभर उघड्यावर पण आगीपासून दूर ठेवावे. सकाळी खाली वेगळा थर दिसला तर ती टाकी पूर्ण रिकामी करून पुसून काढावी. ताजे पेट्रोल वरून ओतून असा माल सुधारत नाही.

सुरू करण्याची रीत वरवर किरकोळ वाटते, पण बंद पडलेली म्हणून मेकॅनिककडे नेलेली कितीतरी इंजिने फक्त रीत चुकल्यामुळे अडलेली असतात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडावा. नळीवरचा रबरी फुगा बाणाची दिशा वर राहील असा उभा धरून तो घट्ट होईपर्यंत दाबावा. आडवा धरला तर त्यातल्या झडपा नीट बसत नाहीत आणि हवा अडकून राहते. गिअर न्यूट्रलमध्ये हवा, सुरक्षा दोरीची क्लिप स्विचवर बसलेली हवी. क्लिप निसटलेली असताना माणसे घामाघूम होईपर्यंत दोरी ओढत राहतात, कारण ठिणगीच बंद असते. मुठीवरचा थ्रॉटल ‘स्टार्ट’च्या खुणेवर आणावा. आयडलच्या जागी ठेवून थंड जुने इंजिन उठवायचा प्रयत्न व्यर्थ जातो. मग चोक पूर्ण ओढावा, दोरी हळू ओढत अडथळा लागेपर्यंत आणावी आणि तिथून पूर्ण लांबीची, जलद, सरळ ओढ द्यावी. अर्धवट झटक्यांचा उपयोग नाही. दोन-तीन ओढींत इंजिन एकदा खोकते. त्या खोकल्याबरोबर चोक अर्धा आत घ्यावा आणि पुन्हा ओढावे. बहुधा पुढच्याच ओढीत ते पकडते. चोक तसाच ठेवून आणखी दहा ओढी दिल्या तर प्लग भिजून सगळा खेळ बिघडतो.

ओढीच्या वेगावर इतका भर देण्याचे कारण ठिणगीत आहे. बॅटरी नसलेल्या जुन्या इंजिनात ठिणगीची वीज फ्लायव्हीलमधले लोहचुंबक तयार करतात आणि ती वीज फिरण्याच्या वेगावर अवलंबून असते. थंडीत ग्रीस आणि ऑइल घट्ट झालेले असते, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा कडक होऊन घरात चिकटलेला असतो, ओढणाऱ्याचे हातही गारठलेले असतात. फ्लायव्हील हळू फिरते आणि आधीच क्षीण असलेली ठिणगी नाहीशी होते. चोक न देता दोन-तीन सावकाश ओढी देऊन इंजिन मोकळे करावे आणि मग खरी ओढ द्यावी.

प्लग भिजले असल्यास, म्हणजे पेट्रोलचा उग्र वास येतो आणि इंजिन नुसते फिरते, तर फुग्याची नळी काढावी, चोक आत घ्यावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि सहा-सात ओढी द्याव्यात. तरी जमले नाही तर प्लग काढून पुसून वाळवावेत. जुन्या मिस्त्रींची एक युक्ती इथे खरोखर उपयोगी पडते: जास्तीचे प्लग रात्री घरात ठेवावेत आणि पहाटे उबदार, कोरडे असतानाच बसवावेत. धुक्याच्या प्रदेशात गार प्लगवर ओलावा धरतो, तो यात टळतो.

काढलेला प्लग पुष्कळ काही सांगतो. अनेक ओढींनंतरही तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरात पोचलेलेच नाही. ओला असेल तर पेट्रोल येत आहे आणि ठिणगी किंवा कॉम्प्रेशनकडे पाहावे. टोकावर पाण्याचे थेंब दिसले तर पेट्रोलमध्ये पाणी आहे, किंवा हेड गॅस्केटमधून पाणी झिरपते आहे. काळा तेलकट थर म्हणजे ऑइलचे प्रमाण जास्त, किंवा चोक अर्धवट अडकून इंजिन सदैव जाड मिश्रणावर चालले आहे. इथून पुढची दिशा ठरते. प्लग न पाहता कार्ब्युरेटर खोलणे हा वेळेचा अपव्यय आहे.

पेट्रोलची बाजू तपासायला सोपी चाचणी आहे. लहान फवारणीच्या बाटलीत ऑइल मिसळलेले ताजे पेट्रोल घेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडात दोन-तीन फवारे मारावेत आणि दोरी ओढावी. इंजिन दोन-चार सेकंद चालून थांबले तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन कामचलाऊ आहेत, दोष पुरवठ्यात आहे. फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर नळीत गळती आहे, जोडणीतली रबरी रिंग गेली आहे, किंवा फुग्यातली झडप निकामी आहे. घट्ट झालेला फुगा इंजिन चालताना आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा इंजिनातल्या दाबाच्या धक्क्यांवर हलतो. इथेनॉलने आणि वयाने ताठर झालेला पडदा गरम झाल्यावर काम करतो, पण थंड असताना हलत नाही. ‘दुपारी सुरू होते, सकाळी नाही’ या तक्रारीमागे हा पडदा बऱ्याचदा असतो, आणि त्याचा संच नव्या कार्ब्युरेटरच्या तुलनेत स्वस्त असतो.

कार्ब्युरेटरमध्ये मुख्य गुन्हेगार आयडलचा बारीक जेट. पेट्रोल आटून उरलेला चिकट, पिवळसर थर त्याच्या केसाएवढ्या भोकात बसतो. लक्षण ठरलेले: चोकवर सुरू होते, चोक आत घेतला की मरते. चोकच्या जोरावर मुख्य वाटेने पेट्रोल येत असते तोवर इंजिन तग धरते. उपाय म्हणजे कार्ब्युरेटर उतरवून जेट काढणे, कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवणे आणि दाबाच्या हवेने फुंकणे. तार घालून भोक मोकळे करू नये. पितळ मऊ असते, भोक वाढते आणि मग ते इंजिन कधीच नीट मिश्रण घेत नाही. त्याच वेळी फ्लोटची सुई, तिचे बसण्याचे ठिकाण आणि चोकचे पान पाहावे. जुन्या केबल ताणल्या जातात. चोकची मूठ पूर्ण ओढली तरी पान घट्ट बंद होत नाही. झाकण काढून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे कळत नाही. थंडीत न उठणाऱ्या इंजिनांत हा अर्ध्या इंचाचा ढिलेपणा अनेकदा सापडतो.

ठिणगी तपासताना आधी पेट्रोलची नळी दूर न्यावी आणि सांडलेले पेट्रोल पुसावे. ठिणगी-परीक्षक स्वस्त मिळतो. तो इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट जोडावा. तपासल्या जाणाऱ्या वायरीशिवाय बाकीच्या वायरीही धातूला जोडलेल्या हव्यात, कारण सीडीआय, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी असलेल्या इंजिनात मोकळी वायर ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकते. पॉइंटच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांच्या, जुन्या मॅग्नेटोवर ठिणगीने सुमारे ६ मिलिमीटर फट निळ्या, कडकडीत उडीने ओलांडायला हवी. पिवळसर, लुळी ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी दाबाखाली सिलिंडरात ती विझते. जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या अनेक जुन्या इंजिनांत पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवायची असते. इतर इंजिनांसाठी त्या-त्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. महिनोन्महिने न चाललेल्या पॉइंटवर गंजाचा पातळ थर चढतो. तो काढून पृष्ठभाग स्पिरिटने पुसल्यावर मेलेली ठिणगी परत आल्याची उदाहरणे भरपूर आहेत. पॉइंट फ्लायव्हीलखाली असतात आणि फ्लायव्हील काढायला योग्य पुलर लागतो. हातोड्याने ठोकून काढताना चुंबकांना तडे जातात आणि दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या किमतीवर जातो.

गाझियाबादच्या धुक्याने आणखी एक जागा उघडी पडते. जुन्या प्लग-वायरींच्या आवरणाला बारीक भेगा असतात. कोरड्या हवेत त्या निरुपद्रवी राहतात, पण ओलाव्याचा थर बसला की वीज भेगेतून थेट इंजिनाच्या धातूकडे पळते. काळोखात कव्हर काढून कुणाला तरी दोरी ओढायला सांगावी. वायरीच्या अंगावर निळसर चमक नाचताना दिसली तर वायर बदलावी. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले असल्याने त्या इंजिनांचे विजेचे सुटे भाग मिळतील तेव्हा घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

कॉम्प्रेशन मोजायला सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून चार-पाच जोरदार ओढी द्याव्यात. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांहून जास्त असेल तर रिंग, सिलिंडर किंवा गॅस्केटचा दोष मानावा. कमी आलेल्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग झिजल्या किंवा काजळीने जागेवर चिकटल्या आहेत. हीच युक्ती पहाटे अडलेल्या इंजिनालाही उठवते, कारण वारंवार चोक देऊन सिलिंडराच्या भिंतीवरचे ऑइल धुतले गेलेले असते. टू-स्ट्रोकला दुसरा एक दाब लागतो, क्रँककेसमधला. दोरी ओढताना कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलेल्या तळव्यावर पेट्रोलचे तुषार उलटे उडत असतील तर आतल्या रीड व्हॉल्व्हची पाने तुटली किंवा वाकली आहेत. तिथे मेकॅनिकची गरज लागते.

बटण-स्टार्ट असलेल्या इंजिनात आधी बॅटरी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी दमलेली आहे किंवा जोडण्यांवर गंज आहे. थंडीत बॅटरीची ताकद मुळातच घटते, म्हणून ती रात्री खोलीत ठेवावी.

आता काही धोके. ईथरचा फवारा, जो ट्रक-ट्रॅक्टरवाले वापरतात, टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये वापरू नये: तो सिलिंडरवरचे ऑइल धुतो आणि वेळेआधी भडकून पिस्टन फोडू शकतो. उत्तरेकडच्या हिवाळ्यात दारोदारी अंगीठी पेटलेली असते. ती इंजिनाजवळ नेऊन ऊब देण्याचा मोह होतो आणि तो जिवावर बेततो. ऊब द्यायचीच तर गरम पाण्यात पिळलेले फडके कार्ब्युरेटर आणि त्यामागच्या नळकांड्याभोवती पाच मिनिटे गुंडाळावे. तेवढ्याने फरक पडतो. कोठीत दारे लावून इंजिन चालवू नये. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो. आणि इंजिन कधीही कोरडे चालवू नये. पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या पिंपात, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतक्या खोलीवर ते ठेवावे; पाण्याच्या पंपाचा रबर काही सेकंदांत जळतो. सुरू झाल्यावर मागच्या भोकातून पाण्याची धार पडते का ते लगेच पाहावे आणि दोन-तीन मिनिटे हळू चालू द्यावे. हिंडनसारख्या नदीत पाण्याच्या जाळीवर प्लॅस्टिक चिकटते, म्हणून धार मधूनमधूनही तपासावी.

थंडीतल्या सकाळची तयारी खरे तर ऑक्टोबरात होते. हंगाम संपताना पिंपात इंजिन चालू असतानाच पेट्रोलची नळी काढावी आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. थांबण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या तोंडात साठवणीच्या ऑइलचा फवारा दिल्यास बेअरिंग आणि सिलिंडर गंजापासून वाचतात. इंजिन उभे ठेवावे म्हणजे पाणी निथळते. गिअरचे ऑइल दुधाळ निघाले तर सील गेले आहे. ते तेव्हाच बदलावे. उरलेले पेट्रोल काढून गाडीत वापरून टाकावे, पण त्यात ऑइल मिसळले नसेल तरच. गरजेपुरते नवे मिश्रण करावे: पुस्तिकेत ५० ला १ असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे ऑइल. गार ऑइल चटकन मिसळत नाही, म्हणून आधी निम्मे पेट्रोल, मग ऑइल, हलवून मग उरलेले पेट्रोल, हा क्रम पाळावा. टाकीवर मिश्रणाची तारीख रंगाने लिहावी.

ज्या इंजिनावर माणसाचा जीव अवलंबून असतो ते हिवाळाभर दर पंधरवड्याला पिंपात सुरू करावे, तेही दुपारी नव्हे तर पहाटे, रात्रभर गार झालेल्या अवस्थेत. जवळ एक वही ठेवून तारीख, तापमान आणि किती ओढींत सुरू झाले एवढेच लिहावे. डिसेंबरात तीन आणि जानेवारीत सात असे आकडे दिसू लागले, आणि तापमानात फारसा फरक नसला, तर प्लग काढून पाहण्याची वेळ झालेली असते.